जगऱ्यापाशी माझी जागा

चूक माझीच. हात रिकामे होते, म्हणून कणकेत घातले.

आमच्या कॉलनीच्या रहिवासी मंडळाचा वर्धापनदिन. दरवर्षीसारखं रोडग्यांचं जेवण. माझं काम ठरलेलं. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, धूर गिळायचा आणि रोडगे भाजायला निखाऱ्यांचा जगरा तयार करून द्यायचा. त्या दिवशी जगरा लवकर धरला. शेजारी परातीत कणीक अर्धवट मळलेली, आचारी फोनवर. मी साबणानं हात धुतले, बाह्या सारल्या आणि लागलो मळायला. मला रिकामं बसता येत नाही. बायकोच्या मते हा आजार आहे.

अध्यक्षांच्या घरच्या वहिनी आल्या. माझ्या हातांकडे पाहिलं. आचाऱ्याला म्हणाल्या, "ही परात गाईपुढं ठेवा. दुसरी कणीक भिजवा."

मी हसलो. "काहून वहिनी, मीठ जास्त पडलं का?"

"तुमी जगऱ्याचं पाहा ना, भाऊ." अगदी गोड आवाजात.

गाय खुशीत होती. एवढ्या वर्षांत त्या मंडळात माझ्या हातचं तिनंच पहिल्यांदा खाल्लं.

जगऱ्यापाशी परत बसलो. धुरानं डोळ्यांत पाणी येतं, ही एक सोय असते. मग एकेक आठवायला लागलं. गोवऱ्या मी आणायच्या. सतरंज्या मी अंथरायच्या. कणीक? नाही. वरण? नाही. पंगतीत वाढणं? कधीच नाही. आणि मी तिवशाला जाऊन पाहुण्यांत मिरवायचो, माझ्याशिवाय आमच्या मंडळात रोडगा भाजत नाही म्हणून!

तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला. मंडळाचा इतिहास सांगायला लागले.

तो इतिहास मला पाठ आहे. अमरावतीच्या या टोकाला तेव्हा काळ्या मातीचं रान होतं. रस्ता नाही, लाइट नाही, पावसाळ्यात चपला हातात. पहिलं घर आमचं. वर पंचशील ध्वज, पुढे तूर, मागे विंचू. मग तेल्हाऱ्याच्या गुरुजींनी प्लॉट घेतला, चांदूर रेल्वेहून आलेल्या आताच्या अध्यक्षांनी घेतला. नळासाठी भांडायला मंडळ काढलं, ते माझ्या ओट्यावर बसून. बायकोनं चहा ठेवला होता. कोणी प्यायलं. कोणी म्हणालं, आत्ताच झाला.

"मंडळाची पहिली बैठक माझ्या अंगणात झाली," अध्यक्ष माइकवर म्हणाले.

त्यांना तेव्हा अंगणच नव्हतं. शहरात भाड्याच्या खोलीत राहत होते.

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

मी उठलो. हातात चिमटा तसाच.

"अध्यक्षसाहेब, बैठक माह्या ओट्यावर झाली. तुमी खाटेवर बसले होते."

"असंल भाऊ. आता काहून वाढवून राहिले?"

"अजून एक. माह्या हातची कणीक गाईले काहून घातली?"

माइक तेवढा कुईं करून वाजला.

"माह्या आगीवर भाजलेलं चालते तुमाले. मंग माहे हात काहून नाई चालत?"

"भाऊ, जेवण झाल्यावर बोलू," गुरुजी म्हणाले.

"माहं जेवण झालं."

चिमटा जगऱ्यात टाकला आणि निघालो. मुद्दाम सावकाश चाललो, हाक मारणाऱ्याला धावावं लागू नये म्हणून. हाक आली नाही.

त्या रानात आमचं एकच घर होतं, तेव्हा दूरवर दुसरा दिवा दिसत नसे. पण एकटं वाटलं नव्हतं. त्या दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती आणि घराघरातला माणूस मला नावानं ओळखत होता.

घरी बायको जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. ती कितीतरी वर्षं या जेवणाला येत नाही. गुडघा धरतो म्हणते. मी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी जगरा पेटवणार नाही, म्हणालो. मंडळच सोडतो.

ती उठली. कशाचाही आधार न घेता.

"सोडता काहून जी? मंडळ आपल्या ओट्यावरचं हाय," ती म्हणाली. "माह्या गुडघ्याले कधीच काही झालं नाई. पुढच्या वर्षी मी येईन. कणीक मी मळीन, सगळ्याईच्या समोर. पाहू, गाय किती खाते ते."