अर्धा स्क्रीन झाकणाऱ्या अक्का

अक्कांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात बॅटऱ्यांचं काम चालायचं. कंटेनरएवढ्या बॅटऱ्या. दुपारी सोलरची वीज भरून घ्यायची, संध्याकाळी दिवे लागले की ग्रिडला सोडायची. अशी बॅटरी वर्षभर कशी वागेल, ते आम्ही आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचो. हे मॉडेल अक्कांनी, आमच्या सीनियरनी, बांधलेलं.

त्यांची शिकवायची तऱ्हा तुम्ही पाहायला हवी होती. मागच्या वर्षीच्या उन्हाचा आलेख उघडायचा आणि स्क्रीनची उजवी बाजू तळहाताने झाकायची. "हं, बोला री. आता सोडू की राखून ठेवू?"

नवा इंजिनियर छातीठोकपणे म्हणायचा, "सोडा!"

हात बाजूला. पुढे सलग ढग.

"झालं! बसवलंस ना गाव अंधारात? उद्याचं दिसत असलं की कोण पण शहाणा."

एवढं बोलणाऱ्या अक्का दिवाळीच्या साड्या मात्र चिकपेटेत आषाढाच्या सेलमध्येच घेऊन ठेवायच्या. आम्ही चिडवलं की म्हणायच्या, "दिवाळी येतेच रे. ढगाचं तसं आहे का?"

त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचं, मराठीत निम्मं कन्नड. मी निपाणीकडचा, म्हणून मला ते कळायचं. मला त्या तम्मा म्हणत. धाकटा भाऊ.

एका सोलर कंपनीचं काम आलं. अक्कांच्या पद्धतीने चालवलं तर बॅटरी पावसाळ्यात बऱ्याचदा संध्याकाळी रिकामी पडत होती. काम हातचं जाईल, या भीतीने मी मॉडेलला अख्ख्या वर्षाचं हवामान एकदम दाखवलं. मग काय! उद्या ढग आहेत हे बॅटरीला आजच कळायचं आणि ती वीज राखून ठेवायची. एकही संध्याकाळ चुकली नाही.

कंपनीबरोबरच्या बैठकीला जाताना अक्कांनी तो आलेख पाहिला. "छान आलाय. पुढचं झाकूनच चालवलंस ना, तम्मा?"

"हो, अक्का."

"सरी मग, ठीक आहे." आणि त्या आत जाऊन त्या आलेखासाठी मनापासून बोलल्या.

काम मिळालं, बॅटरी उभी राहिली. पहिल्याच पावसाळ्यात ऐन संध्याकाळी रिकामी पडू लागली. कंपनीची माणसं पुन्हा बैठकीला आली, चांगलीच तापलेली. अक्का उभ्या राहिल्या. "मॉडेल माझं आहे. चूक माझीच." मी शेजारी बसून पाणी पीत होतो.

नंतर नवी कामं त्यांच्याकडे येईनाशी झाली. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. मी काय केलं होतं ते त्यांनी कधी तपासून पाहिलं का, मला माहीत नाही. मला बोलल्या मात्र काही नाहीत.

आता त्या आनेकलला लेकीकडे असतात. मध्यंतरी भेटून आलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दारातच म्हणाल्या, "स्वल्प लंगडतोस की रे. गुडघ्याला काय झालं?" मग मी गुडघ्याबद्दलच बोलत राहिलो. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि बस वळेपर्यंत उभ्या होत्या.

अक्कांना मी एक वाक्य देणं लागतो, आणि त्या बैठकीतल्या प्रत्येकालाही तेच: अक्कांचं मॉडेल बरोबर होतं, लबाडी मी केली.