चार चाकं, एक लिंबू

नवी गाडी पूजेला आली की नाना गुरव हाराला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारत, "किती भरले, किती राह्यले?" यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना लागणाऱ्या मारुतीच्या देवळाचे ते पुजारी. नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून पुढे न्यायची, हा रिवाज सगळीकडेच आहे. नानांनी त्यात स्वतःची दुरुस्ती केली होती. किमतीचा जेवढा हिस्सा रोख भरला असेल, तेवढ्याच चाकांना लिंबू. पाव किंमत भरून बाकीचं कर्ज काढलेलं असेल, तर पुढच्या डाव्या चाकाखाली एक लिंबू ठेवून नाना सरळ बाजूला होत. "हे चाक तुमचं. बाकीची तीन बँकेची हायेत. बँकेनं आपले लिंबू घेऊन यावं."

ती बँक म्हणजे मी. वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. एका गुरुजींचं कर्ज मी मंजूर केलं होतं, म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमाने मला पूजेला बोलावलं. मी कोण हे कळताच नानांनी हळदीकुंकवाची ताटली उचलली आणि गाडी सोडून माझ्याकडे आले. "या मालकीनबाई! खऱ्या मालकीनीले आधी कुंकू लावू द्या बाप्पा, गाडी कुठं पयून चालली?" गुरुजी हातात नारळ धरून तसेच उभे. मला हसू आवरेना आणि गुरुजींना रागावता येईना. तेव्हापासून नानांनी मला कधी नावाने हाक मारली नाही.

नाना तरुण होते तेव्हा कोरी गाडी गावात येणं हाच एक सण होता. आधी नंबर लावायचा, मग गाडीची वाट पाहत बसायचं. गाडी यायची ती कापसाच्या जिनिंगवाल्या सेठकडे, नाहीतर एखाद्या डॉक्टरकडे. पैसे पुरे मोजलेले, लिंबं चार. पुढे नोकरदारांच्या गाड्या आल्या, मग वणीकडच्या ट्रकवाल्यांच्या, मग सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांच्या. दसऱ्याला देवळापासून पार रस्त्यापर्यंत रांग लागू लागली. "पन पाहा मालकीनबाई," नाना टोपली हलवून दाखवत, "गाड्या वाढल्या अन् माहे लिंबू उरून राह्यले!"

एकदा एक तरुण काळी, भलीमोठी गाडी घेऊन आला. पदरचा एक पैसाही न भरता गाडी मिळते, अशी योजना निघाली होती. नानांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टोपलीतलं लिंबू उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "याचं सरबत कर बापू. हप्ता भरतानी जिवाले थंडावा पाहिजे." त्याची बायको इतकी हसली की शेवटी त्यालाही हसावं लागलं.

कर्ज फिटलं की उरलेली लिंबं घ्यायला या, असं नाना प्रत्येकाला बजावून सांगत. कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. जुनं कर्ज फिटायच्या आत लोक गाडी बदलत आणि मोठ्या गाडीखाली पुन्हा एकच लिंबू ठेवून घेत. मी एकदा भांडलेच. "नाना, तुमच्या त्या जमान्यात गाडीत बसायचं कोण? सेठ आणि डॉक्टर. आमच्या कर्जामुळे आज आमचा शिपाईसुद्धा स्वतःच्या गाडीत बसतो."

"बसू द्या नं! म्या कोनाले उतरवलं काय? फकत हप्ते फिटतवर टेकून बसू नको, एवढंच सांगून राह्यलो."

नानांची एकुलती एक मुलगी सुनंदा राळेगाव तालुक्यात ग्रामसेविका. नानांचे गुडघे गेले आणि एसटीच्या पायऱ्या चढणं बंद झालं, तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता, बाबांना कोऱ्या गाडीत बसवायचं. नानांची अट ठरलेली. चार लिंबांची गाडी आण, नाहीतर आणूच नको. ती बिचारी पैसे साठवत राहिली. एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"ताई, मी पुढं सरकली का किंमत बी पुढं सरकते. मांगच्या दसऱ्याले हाताशी आलती, यंदा आनखी दूर गेली. चार लिंबू जमतवर बाबा राहीन काय? मले गाडी बाबा असतानी पाहिजे." असं म्हणून ती रडायला लागली. तिचे कागद मी त्याच दिवशी पुढे पाठवले. नानांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

दसऱ्याला रांगेत सुनंदाची छोटी पांढरी गाडी उभी राहिली. बातमी कशी फुटली देव जाणे, पण नानांनी आजवर ज्यांची ज्यांची फिरकी घेतली होती ते सगळे हजर. गुरुजी तर पहिल्या ओळीत. नाना काठी टेकत आले. आवाज नेहमीचाच.

"किती भरले, किती राह्यले?"

"पाव भरले, बाबा." सुनंदाची मान खाली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मालकीनबाई, हे तुमचंच काम दिसते." मी हळूच गुरुजींच्या मागे सरकले.

नानांनी टोपलीतून लिंबू घेतलं, वाकून पुढच्या डाव्या चाकाखाली ठेवलं. मग दुसरं घेतलं. गाडीला धरून धरून, कण्हत, कोणाला हात लावू न देता ते चारही चाकांपाशी वाकले. गुरुजी ओरडले, "हे काय, नाना? आमाले एक अन् घरच्याले चार?"

नाना बॉनेटवर हात टेकून सरळ झाले. "चाकं असन बँकेची, गुरुजी. पोट्टी तं पुरी माही हाये नं!"

सुनंदाला किती वेळ गाडी सुरू करता येईना.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. त्याआधी सुनंदाने त्यांना वणी दाखवली, नागपूर दाखवलं, नुसतं भजी खायला म्हणून राळेगावपर्यंत नेलं. तिचे हप्ते अजून चालू आहेत. पुरे पैसे जमेपर्यंत ती थांबली असती, तर पुढच्या सीटवर नानांचा हार घातलेला फोटोच बसला असता.