आधी रक्त, मग बाटली

लिही बाळा. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. अख्खं हॉस्पिटल त्यांना भिंगरी म्हणायचं. तोंडावर सिस्टर, पाठ वळली की भिंगरी. एका जागी ठरायच्याच नाहीत. जेवायच्यासुद्धा उभ्यानं. मी म्हणायचे, "वन्सं, टेका की जरा." तर म्हणायच्या, "मेल्यावर आडवंच व्हायचंय गं, आत्तापासून कशाला सराव?"

त्या बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स, मी तिथंच फरशी पुसायला. त्यांनीच चिकटवलं मला. अक्षर येत नव्हतं, पण कान तर होते! एखादीचं रक्त फार गेलं, की दुसऱ्याचं रक्त येईपर्यंत तिला एक बाटली लावायचे, डेक्सट्रानची. मी विचारलं, "हे सलाईनच ना?" तर हसल्या. "सलाईन म्हणजे पाहुणा. नसेत आला, पाझरून निघाला. ही बाटली म्हणजे घरजावई, आत शिरली की लवकर हलायचं नाव नाही. म्हणून तर नसा भरलेल्या राहतात, बीपी तग धरतं."

पण या घरजावयाचा एक ताप होता. ती बाटली अंगात गेली, की रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटायच्या. मग कुणाला कुणाचं रक्त चालेल, ते ब्लड बँकवाल्याला धड कळायचं नाही. म्हणून वन्संचा नियम, आधी नळीत रक्त काढून ठेवायचं, मगच बाटली. आणि नळीवर नावाची चिकटपट्टी त्याच्याही आधी.

एका दुपारी तिथंच माझी धाकटी बहीण बाळंत झाली. पोर रडलं, आम्ही हसलो, आणि हिचं रक्त काही थांबेना. चादर भिजली, गादी भिजली, खाली फरशीवर आलं. शेजारच्या खाटेवर शिंप्याची बायको, तिचंही तेच! एकाच वेळी दोघी. डॉक्टर नवीन पोरगा, नुसता ओरडतोय, "बाटली लावा, बाटली लावा!" वन्सं एकट्या. वर मी त्यांचं कोपर धरून, "आधी हिला बघा हो."

"सोड हात! आधी रक्त."

दोघींच्या नसा बसलेल्या, तरी त्यांनी शोधून रक्त काढलं. पट्टी लावायला हात मोकळा कुठं होता? डाव्या खाटेची नळी ट्रेमध्ये डावीकडे ठेवली, उजव्या खाटेची उजवीकडे. मग दोघींना बाटल्या लावल्या.

आणि मी काय केलं? कुणीतरी घसरेल म्हणून स्टुलावरचा ट्रे उचलला, स्टूल सरकवलं, खालचं रक्त पुसलं, ट्रे परत ठेवला. सवयीनं गं. रोज तेच करायचे.

वन्सं पट्टीवर नाव लिहायला आल्या. "ही डावी तुझ्या बहिणीची..." मी फडकं टाकून उठले.

"वन्सं, ट्रे मी उचलला होता."

पेन थांबलं. "तसाच ठेवलास, की फिरवून?"

"आठवत नाही हो."

"आठव!"

डोळे गच्च मिटले. फडकं आठवलं, बादली आठवली, ट्रे काही केल्या आठवेना. डॉक्टर म्हणाला, "तसाच ठेवला असणार, सिस्टर. लिहा नाव, पाठवा लवकर." आणि मी, लिही हे पण, लाज वाटली तरी लिही, मीही म्हणाले, "लिहा ना वन्सं, ती चाललीय माझी."

त्यांनी दोन्ही नळ्या उचलल्या आणि कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. "अदलाबदल झाली असेल, तर चुकीचं रक्त चढेल. दोघींना मारू का?"

मी नाही नाही ते बोलले. तुमच्या पाठची असती तर, असंही बोलले. त्या ऐकायला थांबल्याच कुठं? दोघींचं रक्त पुन्हा काढलं, पण आता आधी पट्टी, मग रक्त. पट्टीवर खाली लिहिलं, बाटली लागली आहे. नळ्या मुठीत धरून स्वतः ब्लड बँकेकडे धावल्या. तिथला माणूस करवादला, आता पेशी धुवून तपासाव्या लागतील, अर्धा तास जास्त लागेल. वन्सं म्हणाल्या, "धुवा. मी इथंच उभी आहे."

इकडे दुसरी बाटली लागली. डॉक्टर म्हणाला, तिसरी देता येणार नाही, जास्त दिली तर रक्त गोठायचंच बंद होतं. मी खिडकीपाशी जायचे, दारापाशी यायचे, बाटलीकडे बघायचे. चार बोटं राहिली. तीन. धाकटीचे ओठ पांढरेफटक. मी बाटलीला म्हणतेय, हळू ये गं बाई. लगेच म्हणतेय, नको, भरभर जा, तिला पोच. काय मागावं तेच कळेना.

दोन बोटं उरली होती, तेव्हा रक्त आलं. दोघींना चढलं. दोघी वाचल्या. त्या टाकलेल्या नळ्यांतली कुठली कुणाची, ते आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी चौकशी लावली. वन्संनी कागदावर लिहून दिलं, नळीवर पट्टी नव्हती, चूक माझी. मी त्यांना गाठलं. "अहो, ट्रे तर मी हलवला!"

"तुला लिहिता येतं का?"

"नाही."

"मग गप बस. कागदावर लिहिणारीची चूक."

त्यांना सहा महिने दुसऱ्या वॉर्डात टाकलं. मी आपली फरशी पुसत राहिले.

आता तुला लिहिता येतंय. लिही, ट्रे मी हलवला होता.