विहिरीसाठी आणलेलं कासव

२०१९ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. रोहण्याकडच्या आमच्या वावरात विहीर आहे, अन् विहिरीत कासव पाहिजेच. किडे-कचरा खाते, पाणी निवळ राह्यते. माझ्या बापानं सोडलेलं कासव त्या हिवाळ्यात मेलं, अन् विहीर मले सुनी वाटू लागली.

तेवढ्यात लेकीनं कोकणात बोलावलं. जवाई तिथं मास्तर. त्यांच्या घरासमोर समुद्र विळ्यासारखा आत वाकलेला. एका टोकाले खारफुटी अन् चिखल, दुसऱ्या टोकाले रेती. पहिल्याच दुपारी पाहतो, तर पाणी गायब.

"जवाईबापू, गेट कोणं उघडलं?"

ते हसले. "मामाजी, ओहोटी आहे. संध्याकाळी येते वापस."

मले पटलं नाई. पण पाणी खरंच आलं. आमच्या धरणाचं एकदा सोडलं का पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहा!

मग मी रोज त्या चिखलाच्या कडेलेच बसे. खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, कपाशीची पऱ्हाटी कापल्यावर धसकटं राह्यतात तशी. बोटभर मासा चिखलावर चालून राह्यला होता. निवटी म्हणतात त्याले. गावात सांगितलं तर लोक हसतात, पण चालतो, मी पाह्यला. खेकडे आपापल्या भोकाच्या तोंडाशी टपरीवर बसल्यासारखे बसलेले. बगळा आला का सारे आत. बगळा मात्र आपल्याकडच्यासारखाच. तोच तोरा.

एका संध्याकाळी रेतीत माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात कासवाचं पिल्लू उलटं पडलेलं दिसलं. दोन बोटांएवढं. दुपट्ट्यात घेतलं, घरी आणलं, बादलीत गोडं पाणी भरून सोडलं.

"हे आता आपल्या विहिरीत जाते," मी म्हटलं.

लेक कमरेवर हात ठेवून उभी. "बाबा, ते खाऱ्या पाण्यातलं आहे. विहिरीत मरीन ते."

"कासव ते कासव. मले नको शिकवू. तुले पोहणं मी शिकवलं, त्याच विहिरीत."

"शिकवलं ना? मग मी राह्यली का विहिरीत?"

मी बादलीजवळ बसून राह्यलो. पिल्लू एकाच बाजूले नाक घासून राह्यलं होतं, समुद्राच्या बाजूले. मी बादली फिरवली. तेही फिरलं, पुन्हा समुद्राकडे. आणखी फिरवली, पुन्हा तेच. माझ्या हट्टापुढं साऱ्या गावानं हात टेकले, पण हे माझ्याही वरताण निघालं. मले त्याचं कौतुकच वाटलं.

उठलो, बादलीतलं पाणी ओतलं, ओली रेती भरून आणली अन् पिल्लाले तिच्यावर ठेवलं.

"आता काऊन रेती, बाबा?" लेकीनं हसू दाबून विचारलं.

"रातभर रेतीतच राहू दे. आता सोडलं तर अंधारात खेकडे दिसत नाईत, राखण कशी करू? उजेडल्यावर पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन पाण्यापाशी गेलो. लेक मागून ओरडली, "पाण्यात नका टाकू! रेतीवरून त्याचं त्याले चालू द्या!" मी ठेवलं. ते निघालं. वरून कावळे आले. पेरलेल्या वावरात करतो तसा मी दुपट्टा फिरवत त्याच्या बाजूनं चाललो, "हाऽऽट! हाऽऽट!" लाट आली, त्याले घेऊन गेली. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, तरी लेक चहाले हाक मारेपर्यंत मी तिथंच उभा राहून कावळे हाकलत होतो.