तिसरं ‘नको’

माणसांची अख्खी फौज जुन्या वळणावरून नव्या वळणावर नेणं जमलेला साऱ्या वाशीम जिल्ह्यात मी एकच माणूस पाहिला, आणि त्याच्या हातात बुंदीची बादली असायची. आमच्या बँकेत बदल कसा पचवावा हे शिकवायला मोठमोठे साहेब येतात, पडद्यावर बाण काढून दाखवतात. मी मान डोलावतो आणि मनात अनसिंगचे माझे मावसाजी आठवत बसतो. गावातल्या कुठल्याही लग्नात पंगत वाढणारी पोरं त्यांची. या फौजेत बढतीचे नियम सरकारी नोकरीपेक्षा कडक. नवा गडी पाण्यावर, मग मीठ-चटणी, मग पोळी, वरण, आणि नशिबात असेल तर बुंदी. मी बुंदीपर्यंत पोहोचेस्तोवर माझंच लग्न ठरलं होतं. “बुंदीवर दिलदार माणूस पायजे,” ते म्हणत, “कंजुसाले मिठावर बसवा, तिथं त्याचा हात शोभते.” पाहुण्याचं पहिलं ‘नको’ लाजेचं, दुसरं सवयीचं, तिसरं खरं, हा त्यांचा कायदा. एका जावयानं एकदाच ‘नको’ म्हणून पानावर हात आडवा धरला, तर यांनी त्या पालथ्या हातावर बुंदी वाढली.

मग गावात उभ्याचं जेवण आलं. एका लग्नघरानं टेबलं मांडायची ठरवली आणि पोरं बिथरली. ज्यानं त्यानं आपलं ताट वाढून घ्यायचं, तर आपलं काय काम, म्हणत सगळे अडून बसले. इतक्या वर्षांची टोळी फुटते की काय, अशी वेळ आली. मावसाजींनी सगळ्यांना पारावर बोलावलं. “काहून रुसून राह्यले बे? पद्धत बदलली, पोट थोडंच बदललं?” मग रिकामी भांडी मांडून त्यांनी आमच्याकडून तालीमच करून घेतली. हसून डाव धरायचा, जागा सोडायची नाही. “टेबलाच्या भायेर पाय टाकला, तं पुन्हा पाण्यावर बसवीन!”

लग्नात आम्ही टेबलामागे शहाण्यासारखे उभे राहिलो. थोड्या वेळानं मावसाजींच्या ध्यानात आलं, की म्हातारीकोतारी एकदा ताट वाढून घेऊन गेली की परत फिरकतच नाहीत. भर मांडवात ताट घेऊन दुसऱ्यांदा मागायला जाणं म्हणजे आमच्याकडे मोठी लाज. “उपाशी उठून राह्यले ना हे लोक!” ते पुटपुटले, आणि बुंदीची बादली उचलून स्वतःच टेबलाबाहेर पडले. मग काय, वरण, पोळी, मठ्ठा, सगळी पलटण मागोमाग! सुटाबुटातले पाहुणे ताटं उंच धरून पळताहेत आणि आमची पोरं “घ्या ना मामाजी” करत त्यांच्या पाठीमागे. पुढं तीच गावाची रीत झाली. टेबलंही राहिली, आग्रहही राहिला.

आता केटरर टोपीवाली पोरं सोबतच आणतो. आमची टोळी पोटामागे पांगली. मावसाजी त्यावरही चिडत नाहीत. उलट त्या टोपीवाल्यांना डाव कसा धरायचा ते समजावतात. त्यांच्याशिवाय मांडव मला मात्र सुना वाटतो. परवा मंगरूळपीरला माझ्या मुलीच्या लग्नात ते एका खांबाशी उभे दिसले. ताट रिकामं, आणि पाय काही टेबलाकडे वळेनात. मी एका टोपीवाल्याकडून बुंदीचं भांडं घेतलं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“नको,” ते म्हणाले. मी थांबलो.

“नको रे, बस झालं.”

मी डाव भरून तसाच उभा राहिलो. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं ताट थोडं पुढे केलं.