पुठ्ठ्यातली बारा दारं

आमच्या घरात लिंबू-मिरची कधी टांगली गेली नाही. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्यासमोर मेणबत्ती, बस्स. माझ्या बापाने गिरणीत पाळ्या करता करता आम्हा भावंडांना एकच शिकवलं, जे तपासता येतं तेवढंच मानायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणी मला भोळी म्हणायला नको. भोळी मी नाहीच. भांडखोर आहे असं नवरा म्हणतो, आणि ते मात्र खरं आहे.

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा लेक तिसरीत होती. आमच्या चाळीपासून परळचं हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर, तेवढंच काय ते नशीब. डॉक्टर म्हणाले, औषधांनी यांची ताकद पार खाली येणार, पोरीने शाळेतून साधं पडसं आणलं तरी महागात पडेल. झालं. वर्षभर तिची शाळा बंद आणि आमच्या घराचं दारही बंद. आमच्या मजल्यावर खोल्या बारा. सकाळी उघडलेलं दार तिथे झोपायच्या वेळेलाच लागतं. दिवसा कुणाचं बंद दिसलं तर लोक आवाज खाली आणून विचारतात, काय झालं गं त्यांच्याकडे?

आता शिकवणार मी. पुस्तक उघडलं की लेक जांभई द्यायची, मी ओरडायचे, आणि पडद्यापलीकडे पडलेला नवरा म्हणायचा, "अगं, तिला शिकवतेस की झोडतेस?" मग मोबाईलवर मला लॅपबुक सापडलं. जाड पुठ्ठ्याची फाईल घ्यायची, तिच्या दोन्ही बाजू मधोमध दुमडायच्या, म्हणजे ती कपाटासारखी उघडते. आत कागदाच्या खिडक्या, खिसे, घड्या चिकटवायच्या. खिडकी उचलली की खाली माहिती. एका विषयाचं एक लॅपबुक, मांडीवर मावेल एवढं. पाण्याचं केलं, तांदळाचं केलं. पोरगी अशी रमली की जेवायला हाका माराव्या लागायच्या.

तिसरं तिने स्वतः ठरवलं, 'आमचा मजला'. घरातला पुठ्ठा संपला होता. नवऱ्याची हॉस्पिटलची फाईल फुगून फाटल्यामुळे त्यांनी नवी दिली होती, आणि जुनीचं कव्हर मी जपून ठेवलं होतं. चांगला जाड पुठ्ठा, टाकवतो कुणाला? त्यावर छापलेलं होतं 'रुग्णाचे नाव', पुढे बॉलपेनने त्याचं नाव आणि नंबर. म्हटलं, चिकटवलं की झाकून जाईल.

तिने त्यावर ओळीने बारा दारं लावली. प्रत्येक दार कागदी पट्टीच्या बिजागरावर उघडायचं. आत त्या त्या खोलीतली माणसं, कागदाची कापून, पायाशी घडी घालून उभी केलेली. कोण काय काम करतं, घरात कुठली भाषा बोलतात, गाव कुठलं, सगळं मागे बारीक अक्षरात. ही माहिती तिने गॅलरीकडच्या खिडकीच्या गजांतून ओरडून ओरडून जमवली होती. मी खूश. मग ती रोज दुपारी बाराच्या बारा दारं उघडून बघायला लागली. ओठ हलवत मोजायची, दार लावायची, पुढचं उघडायची. मी म्हटलं, "काय मोजतेस?"

"सगळे आत आहेत का बघते."

अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू.

सात नंबरमध्ये एक रिटायर काका एकटे राहायचे. गजांतून तिला श्रीखंडाच्या गोळ्या द्यायचे. एका दुपारी तिने त्यांचं दार चारी बाजूंनी डिंकाने बंद करून टाकलं. मी खवळले. "अगं, उघडायचं म्हणून तर लॅपबुक करतात! वाट लावलीस ना?" ती म्हणाली, "बिजागर निघत होतं. काका पडले असते." तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचं दार उघडलं नाही. दहा वाजता मजल्यावरच्या पोरांनी कडी तोडली. काका खाटेखाली पडलेले होते, कधीचे गेले होते देव जाणे. देव मी मानत नाही, पण तोंडात तेच आलं.

लेकीला मी काही सांगितलं नव्हतं. तिने बंद दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मी उशीर केला."

पुढच्या महिन्यात तिने तीन नंबरचं दार चिकटवलं. तिथे जुळ्या पोरांचं भाडेकरू कुटुंब होतं. रविवारी खाली टेम्पो लागला आणि ते कुणाशी न बोलता निघून गेले. शेजारच्या दहा नंबरच्या काकू, मूळच्या मालवणच्या, खिडकीशी येऊन कुजबुजल्या, "गो बाय, ह्या चेडवाक कायतरी दिसता. दृष्ट काढ गो तिची." मी म्हटलं, "काकू, तुमची दृष्ट तुमच्या घरी काढा," आणि खिडकी आपटली.

मग मी डोकं लावलं. काका तिचे लाडके, जुळी पोरं तिचे मित्र. म्हणजे तीच दारं ती जास्त वेळा उघडणार, तीच आधी झिजणार. दोन झिजलेली दारं आणि दोन योगायोग. हिशेब चोख होता, मला पटलाही. तरी त्या दिवसापासून मी येता-जाता लॅपबुक काढून आमच्या अकरा नंबरच्या दाराचं बिजागर अंगठ्याने दाबून बघायला लागले. दिवसातून पाच वेळा, दहा वेळा. पट्टी माझ्याच अंगठ्याने सैल होत चालली होती, आणि एवढी शिकलेली मी, माझ्या ते लक्षात आलं नाही.

मग नवऱ्याला ताप भरला. ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, आता अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे. दुसऱ्या दुपारी दीर त्याच्याजवळ बसला आणि मी पेज करून न्यायला घरी आले. काकू पोरीला सोबत बसल्या होत्या, त्या मला बघून उठून गेल्या. पेज गॅसवर ठेवली, तिला उकळी आली तेव्हा वळून बघितलं, तर लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली. मांडीवर लॅपबुक, आणि आमचं अकरा नंबरचं दार चारी बाजूंनी बंद. डिंक अजून ओला होता.

माझं डोकंच फिरलं. "काय केलंस हे? काय केलंस?" मी लॅपबुक ओढून घेतलं आणि पेजेच्या वाफेवर धरलं. मला आत बघायचंच होतं, तो आत आहे की नाही. पोरगी माझ्या पाठीवर मुठी मारत होती. "नको उघडू! आई, नको! पप्पा पडतील!"

दार सुटलं, पण बिजागरासकट हातात आलं. नवऱ्याची बाहुली दाराच्या पाठीला चिकटून तोंडावर आडवी होती. तिच्या जागी खालचा पुठ्ठा उघडा पडला होता आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं त्याचं नाव वाफेने पसरत होतं.

मग मी डिंक घेतला. त्याला सोडवून उभं केलं, दार लावायला गेले, तर लागेना. वाफेने पुठ्ठा फुगला होता. तीनदा दाबलं. लेक हळूच म्हणाली, "तिघं नाही मावत आता. दोघंच मावतील." आणि तिने दोन बोटांनी स्वतःची बाहुली धरली. "मी बाहेर राहते."

मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात. आयुष्यात तिला इतक्या जोरात कधी मारलं नव्हतं. मग माझी बाहुली उपटली, बाजूला ठेवली आणि दार लावलं. सहज लागलं. चारी कडांना डिंक भरला, वर पाटा ठेवला, तेव्हा घड्याळात चार वाजत होते. डब्यात पेज ओतून निघाले.

हॉस्पिटलच्या गेटवरच दीर भेटला. "वहिनी, ताप उतरतोय!"

"कधीपासून?"

"आत्ता चारच्या सुमाराला."

दुसरं औषध लागू पडलं, डॉक्टर म्हणाले. मलाही तेच वाटतं. दुसरं काय असणार?

नवरा आता कामावर जातो, मीही पुन्हा ऑफिसला जायला लागले आहे. लेक पाचवीत आहे, शाळेत जाते. कुणी घरी असलं की आमचं दार पुन्हा उघडंच असतं. मध्यंतरी माळा आवरताना नवऱ्याला लॅपबुक सापडलं. "आपलं दार बंद का गं? आत काय आहे, बघू?" त्याने नख लावलं, तशी आम्ही मायलेकी एकदमच किंचाळलो. तो घाबरून हसला आणि ठेवून दिलं. माझी बाहुली माझ्या ऑफिसच्या ओळखपत्रामागे आहे, प्लास्टिकच्या कव्हरात. हे त्याला माहीत नाही.

एक खोड मात्र मला लागली आहे. संध्याकाळी घरी आले की मी उंबऱ्याबाहेर थांबते. दोघं आत गृहपाठावर वाद घालत बसलेली असतात. त्यांच्यातल्या कुणीतरी वर बघून "आलीस?" म्हटलं की मगच आत जाते. परवा बराच वेळ कुणी बघेना. शेवटी मीच म्हटलं, "अरे, मी आले." दोघं हसत होती कशाला तरी. मी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने. लेक उठली, दारापर्यंत आली, गॅलरीत इकडे-तिकडे बघितलं आणि बापाला म्हणाली, "पप्पा, आईला आज उशीर झाला ना?"