गाऱ्हाणं आणि सातची गाडी

देवाला वेळ असतो. डेपोच्या साहेबांना नसतो. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या वाडीला सांगणार कोण?

अठ्ठ्याण्णव साली मी बारावीला होते. आमचं गाव पावसच्या पुढे, कॉलेज रत्नागिरीत. उतारू कमी म्हणून सकाळची सातची गाडी बंद झाली. पुढची दहाला, म्हणजे मी पोचेपर्यंत निम्मे तास संपलेले. बाबांनी चहा पिता पिता निकाल लावून टाकला, "गाडी सुरू झाली तर कॉलेज. नाहीतर बस घरात."

गाडी मागायला जाणार कोण, तर गाऱ्हाणं घालणारे माझे आजोबा. देवळात नारळ ठेवून गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं काम त्यांचं, म्हणून साहेबांकडेही तेच. मी बाबांच्या मागे लागून बरोबर गेले.

साहेब म्हणाले, "बोला, मला मीटिंगला निघायचंय." झालं. आजोबांनी हात जोडले आणि ग्रामदेवतेपासून सुरुवात केली. गाव कुणी वसवलं, शिवेवर राखणदार कोण, कुठल्या वाडीचा मान पहिला. ते जरा श्वास घ्यायला थांबले की बरोबर आलेले दोघे गावकरी सवयीने मागून म्हणत, "होय महाराजा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी घड्याळ बघितलं, फाइल बगलेत मारली. आजोबा अजून शिवेवरच. सातच्या गाडीचा पत्ता नाही.

साहेब दारापर्यंत पोचले तेव्हा माझा धीर सुटला. "साहेब, सातची गाडी परत आली नाही तर माझं कॉलेज बंद."

ते थांबले. "अजून कोणी आहे तुझ्यासारखं?"

"वाटेवरच्या वाड्यांतली दहाएक मुलं आहेत."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "मोठ्या माणसाच्या तोंडातला शब्द काढून घेतलास गो." आजोबा खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर कितीतरी दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. गाडी मागायला गेले होते की भांडायला, मलाच कळेना. असा राग आला होता सगळ्यांचा.

गाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी माझी परीक्षा, आणि गाडीला हार, रस्त्यावर नारळ, पुढ्यात हात जोडून आजोबा. पुन्हा ग्रामदेवता, पुन्हा शीव. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी खिडकीशी दातओठ खात बसलेली. शेवटी त्याने गाडी हळूच बाजूने काढली. सुटले एकदाची, असं झालं मला.

संध्याकाळी आईने सांगितलं. गाडी गेल्यावरही आजोबांनी गाऱ्हाणं पुरं केलं. अगदी शेवटाला म्हणाले, "ही पोर बोलली म्हणून गाडी आली. हिचं शिक्षण कोणी अडवू नये, महाराजा." आणि सगळ्यांबरोबर बाबाही "होय महाराजा" म्हणाले.

अहो, मग तेवढंच आधी म्हणायचं होतं ना. मी तिथेच खिडकीशी बसले होते.